वास कुठे जातो?

न्हाणीघराच्या कोपऱ्यातली जाळी उचलून आत मोबाइलचा टॉर्च मारला, की पाणी दिसतं. ते तुंबलेलं नसतं. पाइपाला तिथं मुद्दाम एक वाक दिलेला असतो, त्या वाकात दोनेक इंच पाणी कायम थांबून राहतं, आणि तेवढ्या पाण्यामुळे पलीकडच्या टाकीतली हवा अलीकडच्या घरात येत नाही. प्लंबर याला ट्रॅप म्हणतात. लंडनमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीनं १७७५ मध्ये असा वाक असलेल्या संडासाचं पेटंट घेतलं. आज शिरूर अनंतपाळच्या आमच्या घरात आणि पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तीच युक्ती चालू आहे.

या युक्तीबद्दल मला आदर आहे, पण तिच्यात एक गोम आहे. ट्रॅप घाण नाहीशी करत नाही. तो फक्त ती आपल्याला कळू देत नाही. पाणी ओतलं, जाळी बसवली, दार लावलं की आपल्यापुरता विषय संपतो. मग आपली जबाबदारी नेमकी कुठवर असते? जाळीपर्यंत, घराच्या कुंपणापर्यंत, की तो पाइप जिथं शेवटी संपतो तिथपर्यंत?

हा प्रश्न पुस्तकातून पडलेला नाही. या एप्रिलमध्ये मी महिनाभर गावाकडून काम करत होतो आणि आमच्या तळघरात वास येत होता. तो शोधायला निघालो, तेव्हा पाइपाच्या प्रत्येक वळणावर हाच प्रश्न थोडा मोठा होऊन भेटला.

नाक घरचंच असतं

आमचा प्लॉट उतारावर आहे. रस्त्यावरून घर एकमजली दिसतं, पण मागच्या बाजूला खाली तळघर आहे. त्यात एक खोली, छोटं न्हाणीघर, कोपऱ्यात धुण्याची मोरी आणि भावाची वाट बघत पडलेली सोयाबीनची पोती. उन्हाळ्यात वर पंख्याखालीही अंग भाजतं, खाली मात्र गार असतं. म्हणून मार्च लागला की आज्जी खालीच झोपते.

वासाबद्दल पहिल्यांदा बोलली ती उदगीरहून आलेली मामी. घरात सगळ्यांचं उत्तर एकच होतं. आप्पा म्हणाले, "मला तर काय येईना." आई म्हणाली, "कधीमधी येतोय थोडा, पोत्यांचा असंल." आज्जीला तर गेल्या काही वर्षांत वास येणंच कमी झालंय. म्हणजे जी त्या खोलीत रोज नऊ-दहा तास काढत होती, तिलाच काही कळत नव्हतं.

कुणी खोटं बोलत नव्हतं. नव्या वासाची नाकाला काही मिनिटांत सवय होते, कारण नाकाचं काम बदल टिपायचं आहे. जे कायम आहे ते मेंदू बाजूला सारतो. आमच्या टीममध्ये सर्व्हरचे अलर्ट येतात, त्यांचंही असंच होतं. रोज वाजणारा अलर्ट महिन्याभरानं कुणाला ऐकू येत नाही. नवीन जॉइन झालेला पोरगा विचारतो, "हे लाल का दिसतंय?" आणि सगळे म्हणतात, "ते तसंच असतं."

सांडपाण्याच्या वासात ही गोष्ट जिवावर बेतू शकते. त्यातला कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसला तरी नाक तो ओळखतं. प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं. पाचशे-हजारच्या घरात माणूस कोसळतो. म्हणजे वास वाढत जाऊन मग मृत्यू येतो असं होत नाही. वास वाढतो, मग नाहीसा होतो, मग माणूस पडतो. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड आहे, त्यामुळे तो खोलगट जागी साचतो. टाकीत साचतो, चेंबरमध्ये साचतो, तळघरातही साचू शकतो. आमच्या तळघरातलं प्रमाण अगदी किरकोळ असणार, कारण मामीला वास येत होता. आम्हाला येत नव्हता, यावरून मात्र काहीच सिद्ध होत नव्हतं.

यातून मी एक गोष्ट घेतली. घाणीत राहणाऱ्याला "तुम्हाला त्रास होतोय का?" असं विचारणं पुरेसं नसतं. त्याचं "नाही" प्रामाणिक असतं, पण त्यावर निर्णय घेता येत नाही.

बंद केलेलं तोंड

शोध कसा घेतला ते सांगतो, कारण तुमच्याही घरात कधीतरी उपयोगी पडेल.

आधी वेळ लिहून ठेवली. वास सकाळी सहा ते आठ आणि रात्री नऊनंतर जास्त यायचा. म्हणजे वरच्या मजल्यावर न्हाणीघर आणि संडास जास्त वापरात असायचे तेव्हा. पोती निर्दोष सुटली.

मग जाळ्या उघडल्या. न्हाणीघराच्या ट्रॅपमध्ये पाणी होतं. कोपऱ्यातल्या मोरीचा ट्रॅप कोरडा ठक्क. ती मोरी कुणी वापरतच नव्हतं. वापर नसलेल्या ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि मग तो नुसता उघडा पाइप उरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात बंद घर उघडल्यावर जो भपकारा येतो, तो बहुतेक वेळा यामुळेच. उपाय सोपा आहे: बादलीभर पाणी ओतायचं, वरून चमचाभर गोडंतेल सोडायचं. तेलाच्या थरामुळे पाणी हळू आटतं. पण हा सोपा उपायही पाणी असणाऱ्याचाच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात कोण मोरीत बादली ओतणार होतं?

पाणी ओतलं, दोन दिवस वास गेला, तिसऱ्या दिवशी परत आला. पाहिलं तर पाणी बरंच कमी झालेलं. दोन दिवसांत इतकं पाणी वाळत नाही. म्हणजे कुणीतरी ते ढकलत होतं. मी मोरीपाशी उदबत्ती धरून बसलो आणि आईला वर फ्लश करायला सांगितलं. ट्रॅपमध्ये बुडबुडे आले आणि धूर मोरीपासून लांब उडाला. टाकीतली हवा आमच्या मोरीतून बाहेर पडत होती. (हा प्रयोग खोलीतल्या मोरीपुरताच आणि खिडक्या उघड्या ठेवून करायचा. चेंबर किंवा टाकीच्या तोंडाशी उदबत्ती, काडी काही न्यायचं नाही. तिथं मिथेन असतो.)

टाकीत वरून पाणी पडलं की तेवढी हवा बाहेर निघणारच. त्यासाठी टाकीला एक उभा हवेचा पाइप असतो, घराच्या वर जाणारा. आमच्याकडेही होता. मागच्या भिंतीला जाऊन बघितलं तर सात फुटांवर कापलेला आणि तोंडाला सिमेंट.

आप्पांना आठवलं. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या काकांनी वरचा मजला बांधला, त्यांची खिडकी बरोबर पाइपासमोर आली. वास येतो म्हणून ते दोनदा येऊन सांगून गेले. गवंड्यानं पाइप कापला, तोंड बुजवलं. काकांची तक्रार मिटली, संबंध टिकले. तोवर टाकीत जागा होती, हवा नालीकडे जाणाऱ्या पाइपातून निघून जायची. हळूहळू टाकी भरत आली, तो पाइप गाळानं बुजत गेला, आणि हवेला एकच वाट उरली. घरातली सगळ्यात खालची, कुणी न वापरणारी मोरी. तिच्यापासून पाच फुटांवर आज्जीची खाट.

यात दुष्ट कुणीच नाही. काकांना आपल्या खिडकीत वास नको होता, ते बरोबरच होतं. आप्पांना शेजाऱ्याशी वाकडं नको होतं, तेही बरोबर. गवंड्यानं सांगितलं ते केलं. तरी सगळ्यांच्या बरोबर वागण्याचा हिशेब जाऊन पडला तो जिला वास येत नाही आणि जी तक्रार करत नाही तिच्यावर. हवा सगळ्यात कमी अडथळ्याच्या वाटेनं जाते. माणसांच्या व्यवस्थेत सगळ्यात कमी अडथळा त्याचा असतो, ज्याचं कुणी ऐकणार नाही.

लंडननं काय केलं

ही चूक मोठ्या शहरांनी मोठ्या प्रमाणावर करून झालेली आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनमधल्या घरांखाली मैल्याचे खड्डे असत, अनेकदा तळघरातच. एडविन चॅडविक हा तिथला मोठा सुधारक. त्याची ठाम समजूत होती की रोग दुर्गंधीतून होतो. त्या काळातल्या बहुतेक डॉक्टरांचीही तीच होती. मलेरिया या नावाचा मूळ अर्थच 'वाईट हवा' असा आहे. मग उपाय उघड होता: खड्डे बंद करा, घरं गटारांना जोडा, गटारं धुऊन काढा. गटारं थेम्स नदीत सोडलेली होती. घरातला वास कमी झाला. आणि लंडनचे हजारो लोक त्याच थेम्सचं पाणी पीत होते. १८४८-४९ च्या कॉलऱ्यात शहरात चौदा हजारांहून जास्त माणसं मेली.

कॉलरा वासातून नाही, पाण्यातून पसरतो, हे जॉन स्नो या डॉक्टरनं १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाजवळच्या मृत्यूंची नोंद करून दाखवलं. तरी लगेच फार कुणी मानलं नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी थेट संसदेच्या खिडक्यांत शिरली. पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले, तरी खासदारांना बसवेना. तेव्हा कुठे घाईनं कायदा झाला आणि जोसेफ बॅझलजेटनं शहरभर नवी भुयारी गटारं बांधली. त्यांनी लंडनमधला कॉलरा खरोखर थांबला. पण सगळा मैला शहराच्या खालच्या अंगाला, पूर्वेकडे, तसाच नदीत सोडला जाऊ लागला. १८७८ मध्ये तिथंच 'प्रिन्सेस अॅलिस' ही प्रवासी बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं थोड्याच वेळापूर्वी सोडलेल्या मैल्यात पडून मेली. त्यानंतर मैला साफ करून सोडायच्या हालचाली सुरू झाल्या.

या सगळ्यात मला एक गोष्ट परत परत दिसते. वास ज्यांच्यापर्यंत पोचतो त्यांच्या हातात सत्ता असेल, तर तो हलवला जातो. हलवणं आणि संपवणं यात फरक आहे हे कळायला मध्ये काही हजार माणसं जावी लागतात.

'सेफ्टी'त कोण उतरतं

पाइपाचं काम एका दुपारचं होतं. काकांना बोलावून दाखवलं, पाइप दोन्ही घरांच्या गच्चीच्या वर नेला, तोंडाला डासांची जाळी बसवली. उंच सोडलेली हवा वाऱ्यात विरून जाते, कुणाच्या खिडकीत येत नाही. काका म्हणाले, "तेव्हाच असं का नाही केलं?" त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं.

खरा पेच टाकीचा होता. बारा वर्षांत ती एकदाही उपसलेली नव्हती. आमच्याकडे सेप्टिक टँकला सगळे 'सेफ्टी' म्हणतात. "सेफ्टी भरली." बोलता बोलता शब्द असा झाला असेल, पण अर्थ विचित्र लागतो. सेफ्टी कुणाची?

दोन पर्याय समोर आले. एक, दोन माणसं रात्री येऊन बादलीनं उपसतील, अडीच हजारांत, उद्याच. दोन, सक्शन पंपाचा ट्रॅक्टर दुसऱ्या गावाहून येईल, साडेचार हजार, पण आठ दिवसांनी. आप्पांचं म्हणणं होतं, "पहिल्यापासून हीच माणसं करत्यात. त्यांचंच काम हाय. त्यांना पैसे मिळत्यात."

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथं सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर मेले. आमच्यापासून फार लांब नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीच्या टाकीत तिघे मेले, आणि त्यांच्या विधवांना भरपाई मिळायला उच्च न्यायालयात जावं लागलं. अशा बातम्यांत आकडा बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त असतो. त्याचं कारण वायूइतकंच माणुसकीत आहे. पहिला आत कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. मरणारे पुष्कळदा एकमेकांचे नातेवाईक असतात.

२०१३ चा कायदा याबद्दल स्पष्ट आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे, आणि तो फक्त नगरपालिकेला लागू नाही, घरमालकालाही आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूमागे दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली.

पण कायदा बाजूला ठेवून आप्पांचा मुद्दा बघू, कारण तो पुष्कळांचा आहे. ते स्वतः तयार आहेत, आपण पैसे देतो, मग चूक कुठे?

तयार असणं म्हणजे काय हे नाकाच्या गोष्टीत आलंच आहे. ज्या धोक्याचा वासच येईनासा होतो, त्याला 'हो' म्हणणं हे माहिती असून म्हटलेलं 'हो' नाही. दुसरं, हे काम त्यांच्याच वाट्याला का येतं? आप्पांच्या वाक्यातला "त्यांचंच" हा शब्द पैशाबद्दल नाही, जातीबद्दल आहे. डॉ. आंबेडकरांनी हे नेमकं सांगून ठेवलंय: आपल्याकडे माणूस भंगीकाम करतो म्हणून भंगी ठरत नाही, जन्मानं ठरतो, मग तो ते काम करो वा न करो. म्हणून या कामाला थोर म्हणून गौरवण्याला त्यांचा विरोध होता. गौरवानं माणूस टाकीबाहेर येत नाही.

याच महाराष्ट्रात उलट बाजूनं झालेला एक प्रयत्नही आहे. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथं सफाईचं काम ठरावीक जातींच्या कैद्यांनाच देत. आपल्यालाही ते करू द्या, अशी त्यांची मागणी होती. ती नाकारली म्हणून त्यांनी अन्न कमी करत नेलं, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी उपास केला. पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात कमी त्रासाचे, खत देणारे संडास बनवायचे प्रयोग केले. मला त्यांचा दुसरा भाग जास्त पटतो. कुणी उतरायचं हे न्याय्यपणे वाटून घेण्यापेक्षा कुणालाच उतरावं लागू नये अशी टाकी करणं बरं.

मी आप्पांना एवढंच विचारलं, "आप्पा, मी उतरलो तर चालंल का?" ते चिडले. म्हणाले, "येड्यावाणी बोलू नको." आणि थोड्या वेळानं ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. दोन हजार रुपये जास्त आणि आठ दिवस. ते आठ दिवस आज्जी वर उकाड्यात झोपली आणि रोज सकाळी आम्हाला ऐकवत राहिली.

मग पुढे कुठं

ट्रॅक्टर आला. पाइप आत सोडला, अर्ध्या तासात टाकी रिकामी. कुणी उतरलं नाही. मी समाधानानं उभा होतो, तेवढ्यात वाटलं, हे आता जाणार कुठं? विचारलं. ट्रॅक्टरवाले मामा सहज म्हणाले, "टाकतो की कुठंबी. वढ्याला, नाहीतर माळावर."

ओढा म्हणजे खालच्या वस्तीच्या विहिरी. आमचं छोटं लंडन तयारच होतं.

बोलता बोलता एक वाट निघाली. आमचं शेत तीन किलोमीटरवर आहे. विहिरीपासून लांबच्या बांधाकडे जेसीबीनं खोल चर काढायचा, त्यात हे सोडायचं, वर दोन-अडीच फूट माती ओढायची, आणि पुढची काही वर्षं तिथं झाडं सोडून काही लावायचं नाही. मैला असा चरात पुरणं ही मान्य पद्धत आहे. मातीतले जंतू त्याचं काम करतात. आप्पा तयार होईनात. "आपल्या शेतात? लोक काय म्हणतील?" त्यावर आज्जी ओट्यावरून म्हणाली, "पहिलं सगळे शेतातच जायचे की रे. तवा काय म्हणले लोक?"

सगळे हसले, आणि विषय मिटला. आपल्या भाषेत मैल्याच्या खताला 'सोनखत' म्हणतात. हा शब्द ज्यांनी केला त्यांना पाइपाचं दुसरं टोक माहीत होतं. ते खत उचलायला मात्र पुन्हा त्याच माणसांना लावलं जायचं, हेही खरं. शब्द सुंदर आहे म्हणून व्यवस्था सुंदर होती असं नाही.

आणि हा उपाय एका घराचा आहे. ज्याचं शेत नाही त्यानं काय करायचं? इथं माणसाचा चांगुलपणा पुरत नाही, नगरपंचायत लागते. साताऱ्यातलं वाई आणि नाशिकजवळचं सिन्नर या गावांनी हे करून दाखवलंय. वाईत २०१८ पासून टाकी भरायची, वास यायची वाट बघत नाहीत. दर तीन वर्षांनी पाळीपाळीनं प्रत्येक घराची टाकी गाडीनं उपसली जाते, खर्च करातून भागतो, आणि मैला शुद्धीकरण केंद्रात जातो. तिथं "रात्री दोन माणसं बोलावू का?" हा प्रश्नच कुणाच्या घरात येत नाही. चांगली व्यवस्था माझ्या आप्पांना चांगलं वागायची परीक्षा द्यायला लावत नाही. मला ही वाईची सगळ्यात मोठी कमाई वाटते.

सगळंच विचारत बसलो तर

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक पाइपाचं दुसरं टोक शोधायचं म्हटलं तर जगणं अवघड होईल. मोबाइलमधली बॅटरी कुठून आली, अंगातला शर्ट कुणी शिवला, कचऱ्याची गाडी कुठं जाते? माझं पूर्ण क्षेत्रच न बघण्यावर उभं आहे. मी जो कोड लिहितो त्याच्या खाली दहा थर आहेत, त्यातल्या आठांत मी कधी डोकावलेलो नाही. डोकावत बसलो असतो तर एकही काम पूर्ण झालं नसतं. ट्रॅप ही तशीच सोय आहे, आणि ती वाईट नाही. आज्जीला सुखानं झोप लागावी म्हणून ते दोन इंच पाणी हवंच.

मला वाटतं उत्तर ट्रॅप आणि हवेचा पाइप यांच्या जोडीत आहे. ट्रॅप म्हणतो, हे घरात नको. हवेचा पाइप विचारतो, मग कुठं? ज्या घरात फक्त पहिलं आहे आणि दुसरं बुजवलंय, तिथं दाब साचतो आणि सगळ्यात खालच्या खोलीत निघतो. न बघण्याची सोय घ्यायला हरकत नाही. पण ती घेताना, आपण न बघितलेलं कुणाच्या अंगावर पडत नाही ना, हे एकदा तरी पाहून ठेवायला लागतं. रोज नाही. वास आला की. मामीसारखं बाहेरचं कुणी म्हणालं की. कुठलंतरी काम स्वस्तात, रात्री आणि लगेच होतंय असं दिसलं की.

तेव्हा पहिला हात फिनेल किंवा रूम फ्रेशनरकडे जातो. आमच्याही घरात गेला होता. त्यानं अलर्ट म्यूट होतो. तो न मारता जाळी उचलून वाकून बघणं, मग पुढचं चेंबर, मग त्याच्या पुढचं, एवढं एक दुपार खर्च करून कुणालाही जमतं. त्याला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

आमच्या पाइपाचं अजून एक टोक शिल्लक आहे. टाकीतून वर निघणारं पाणी आणि न्हाणीघराचं पाणी अजून गल्लीतल्या उघड्या नालीतच जातं. उताराच्या खालच्या अंगाला दहा-बारा घरं आहेत, नाली त्यांच्या उंबऱ्यांवरून वाहते. शोषखड्डा करायचं ठरतंय, पण आमच्याकडची काळी माती पाणी लवकर पीत नाही. त्यामुळे खड्डा मोठा लागेल, दगड-वाळूचा भराव लागेल, जागाही जास्त जाईल. आप्पा म्हणतात, पावसाआधी बघू. त्या खालच्या घरांतल्या कुणीही आजवर येऊन तक्रार केलेली नाही.